रोजच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये सीपी ठेवू की आरसिंक?

नवशेल:
रात्री क्रॉनवरून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी लिनक्समधली सोय) चालणारी बॅश स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहितोय. 200 जीबीचं फोटोंचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर न्यायचंय. सध्या 'सीपी -आर' (कॉपी करायची साधी आज्ञा) वापरतोय. त्यामुळे सगळ्या फायलींवर कॉपी केल्याचीच तारीख पडते आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून कॉपी होतं. रोज बदलतात जेमतेम शंभरेक फायली. सीपीलाच एखादा पर्याय लावून भागेल का?

जुना_टर्मिनल:
तारखेपुरतं म्हणाल तर 'सीपी -ए'ने भागेल. वेळ, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) जसेच्या तसे राहतात. पण काम रोजचं आहे, तेव्हा आरसिंकच घ्या, म्हणजे फक्त बदललेलं कॉपी करणारी आज्ञा. ते फायलीचा आकार आणि बदलल्याची वेळ ताडून पाहतं. दोन्ही जुळलं तर फाइल पुन्हा पाठवतच नाही.

मला ते आवडतं त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. सीपी थेट शेवटच्या नावानेच लिहायला लागतं. मध्येच केबल निघाली की अर्धी फाइल उरते, आणि नावावरून ती अर्धी आहे हे ओळखू येत नाही. आरसिंक आधी टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि फाइल पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. कुणी समोर नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टला माझ्या मते हेच हवं.

स्लॅश मात्र जपून. 'फोटो' लिहिलंत तर फोल्डरसकट जातं, 'फोटो/' लिहिलंत तर फक्त आतलं जातं. आता समजा 'फोटो/' थेट डिस्कच्या मुळाशी पाठवलंत आणि सोबत '--डिलीट' (मूळ जागी नसलेलं कॉपीतून पुसणारा पर्याय) आहे, तर त्या डिस्कवरचं बाकी सगळं पुसलं जाईल! आधी '-एन' लावून नुसती यादी बघा, कितीही घाई असली तरी.

नवशेल:
'आरसिंक -ए' चालवून पाहिलं. डिस्कवर आधीची कॉपी असूनही परत सगळंच जातंय. का?

जुना_टर्मिनल:
कारण त्या जुन्या कॉपीवरच्या तारखा चुकीच्या आहेत, त्यामुळे वेळ जुळत नाही. ते थांबवा आणि एकदाच '-ए'सोबत '--साइज-ओन्ली' लावून चालवा. आकार जुळणाऱ्या फायलींच्या फक्त तारखा दुरुस्त होतील. नंतर तो पर्याय आठवणीने काढा, नाहीतर आकार तोच राहून मजकूर बदललेली फाइल सुटून जाईल.

क्रॉनकरी:
एक भर घालतो. डिस्क जोडलेलीच नसेल तर माउंटची जागा (डिस्क जोडल्यावर ती जिथे दिसते ते ठिकाण) म्हणजे एक रिकामं फोल्डर असतं, आणि आरसिंक निमूटपणे तुमची मुख्य डिस्क भरत बसतं. म्हणून आधी 'माउंटपॉइंट -क्यू'ने तपासा, नसेल तर तिथेच एक्झिट. एक्झिट कोडही (आज्ञा संपताना देते तो आकडा) बघा: 24 म्हणजे कॉपी चालू असताना मूळ फायली नाहीशा झाल्या, 23 म्हणजे काही फायली गेल्याच नाहीत. 23 आला तर लॉग (नोंदींची फाइल) वाचायलाच हवा.

जुना_टर्मिनल:
माउंटचं अगदी बरोबर, ते राहिलंच होतं. आणि पाथचे (फोल्डरच्या पत्त्याचे) व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर स्पेसपाशी नाव तुटतं; नावांत स्पेस असतातच.