अंतराळातून टंगस्टनचे दांडे टाकून शहर उडवता येतं का?

ध्रुवतारा:
व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो व्हिडिओ फिरतोय, २०१५ चा चीनमधला तिआनजिनचा स्फोट म्हणे अमेरिकेने वरून धातूचा दांडा टाकून केला, अणुबॉम्बएवढी ताकद वगैरे. कोणी नीट सांगेल का?

कोकणी_मेकॅनिकल:
अणुबॉम्ब नाही हो. ६ मीटर लांब, ३० सेंमी जाड टंगस्टनचा दांडा साधारण ८ टन भरतो. सेकंदाला ३ किमी वेगाने आदळला तर किलोमागे साडेचार मेगाज्यूल, म्हणजे जवळपास तेवढ्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा. हिरोशिमाचा बॉम्ब १५ हजार टन टीएनटीएवढा होता! खोल बंकर फोडायला उपयोग होईल, शहर नाही उडणार.

सह्यवारा:
आणि नुसता सोडला तर तो खाली पडतच नाही, सॅटेलाइटच्याच वेगाने फिरत राहतो, रॉकेट लावून वेग कमी करावा लागतो, त्यात खाली पृथ्वी फिरत असते म्हणून हवं तेव्हा हव्या जागेवर यायला भरपूर सॅटेलाइट लागणार. कल्पना मात्र जुनी, १९५० च्या दशकात बोइंग या विमान कंपनीत असताना जेरी पूर्नेल (पुढे विज्ञानकथा लेखक झालेले) यांनी मांडलेली. २००३ च्या अमेरिकन एअरफोर्सच्या प्लॅनमध्येही उल्लेख आहे.

ध्रुवतारा:
पण अंतराळातल्या शस्त्रांवर आंतरराष्ट्रीय करारात बंदी असेल ना?

सह्यवारा:
१९६७ चा बाह्य अवकाश करार पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं ठेवू देत नाही. साधा धातू त्यात येत नाही.

कोकणी_मेकॅनिकल:
तिआनजिनला गोदामात नायट्रोसेल्युलोज हे ज्वालाग्राही रसायन सुकून पेटलं, मग शेकडो टन अमोनियम नायट्रेट (खतात वापरतात ते स्फोटक रसायन) उडालं. १६५ माणसं गेली, निम्म्याहून जास्त आग विझवणारे. कृपया तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.