मनीप्लँटच्या पानाला मुळं फुटली, पण तीन महिने झाले तरी कोंब नाही!

खिडकीतली_बाई

माझी मनीप्लँटची वेल पाच वर्षांची आहे. लांबीचं विचारू नका, कपाटावरून निघून दाराच्या चौकटीपर्यंत पोचलीय. पण कुंडीजवळ बघाल तर नुसत्या काड्या. पहिलं पान दिसतं ते हातभर अंतर सोडून. टक्कल पडलेल्या माणसाने दाढी वाढवावी तसा अवतार झालाय.

म्हटलं, नवीन रोपं करून त्याच कुंडीत लावू. वेल कापायला जीव होईना, म्हणून चांगली टपोरी पाच पानं देठासकट खुडली आणि ग्लासात ठेवली. तीन सडली, पाण्याला वास मारायला लागला. पण दोघांना बोटभर मुळं आली! घरात सगळ्यांना ग्लास दाखवून झाला. ती दोन मातीत लावून आता तीन महिने होतील. पानं हिरवीगार, ओढून बघितलं तर घट्ट. (हो, बघते ओढून. दर रविवारी.) पण कोंब म्हणून नाही. खत कमी पडतंय का?

अर्धा_माळी

खताचा काही संबंध नाही ताई. तुमच्या पानांना डोळाच नाही, तर कोंब येणार कुठून?

वेल हातात घ्या. पान जिथे वेलीला चिकटतं तिथे बांगडीसारखी रेघ दिसेल, ते पेर. तिथेच देठाच्या बगलेत बारीक डोळा झोपलेला असतो, आणि पेराशीच तपकिरी टेंगूळ असतं, ते हवेतलं मूळ. पाणी किंवा ओल मिळाली की ते लांबतं. कोंब मात्र फक्त डोळ्यातून येतो. तुम्ही देठ खुडलात तेव्हा डोळा वेलीवरच राहिला. नुसत्या देठाला मुळं येऊ शकतात, पान महिनोन् महिने जगतंही, पण त्याची वेल होत नाही.

माझी फजिती वेगळीच होती. मी पेर घेतलं, पण कात्री अगदी पेराला लागून मारली. कापलेली बाजू सडली आणि सड थेट डोळ्यात गेली. सात तुकडे गेले एका झटक्यात. आता पेराच्या दोन्ही बाजूंना थोडं कांडं सोडून कापतो. एका तुकड्याला एक पेर आणि एक पान पुरतं. भरगच्च कुंडी हवी असेल तर लांब तुकड्याचा मोह नको, कारण शेंडा जिवंत असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना सहसा उठू देत नाही.

पेर पाण्यात, पान बाहेर. पाणी तीनचार दिवसांनी बदला, मुळांना हवा लागते. मी औषधाची तपकिरी बाटली वापरतो, त्यात उजेड कमी जातो म्हणून शेवाळ धरत नाही. मुळं दोन इंच झाली की मातीत. जास्त दिवस पाण्यात लाडावलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात, तेव्हा पहिले पंधरा दिवस माती ओलसर ठेवा. चिखल मात्र नको.

दुपारचं_ऊन

कुंडीचं टक्कलच झाकायचंय ना? मग कापायचीही गरज नाही. दाब कलम करा.

लोंबणारी एक वेल उचलून परत कुंडीत आणा, मातीवर गोल फिरवा. टेंगळं खाली, मातीला टेकलेली. प्रत्येक पेरापाशी केसांचा आकडा खोचून वेल दाबून टाका. मी जुन्या आकड्यांवर अख्खी कुंडी भरवलीय. आई वेलीचं अन्न चालूच असतं, त्यामुळे सडायची भीती कमी. महिना दीड महिन्यात पेरं माती धरतात. मग हवं तर मधून कापा, कापलं की डोळे जागे होतात.

आणि त्या नुसत्या काड्या फेकू नका बरं! पान गळलं तरी डोळा तिथेच असतो. काडी हिरवी आणि टणक असेल तर तुकडे करून मातीवर आडवे ठेवा. वेळ लागतो, पण फुटतात.

कांडं_पेर

कापायला जीव होत नाही म्हणताय म्हणून सांगतो. ही वेल मूळची पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटाची. 1880 मध्ये तिचं वर्णन 'पोथॉस' या नावाने झालं, वंश पुढे बदलला तरी नाव चिकटलंच. ती आपणहून फुलत नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं हार्मोन तिच्यात पुरेसं बनत नाही, त्याचं जनुकच नीट चालत नाही, हे 2016 च्या एका संशोधनात दिसलं. फूल नाही म्हणजे बी नाही. घरोघरी दिसतात त्या वेली अशाच कोणीतरी कापलेल्या तुकड्यांच्या. तेव्हा चालवा कात्री.

कापल्यावर हात धुवा तेवढे, चीक खाजतो. मांजर असेल तर तुकडे जमिनीवर ठेवू नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, चावलं तर तोंडाची आग होते.

खिडकीतली_बाई

चष्मा लावून बघितलं. आहेत डोळे! मोहरीहून लहान. पाच वर्षं रोज पाणी घालतेय, कधी दिसले नव्हते. एक वेल आकड्यांनी दाबली, दुसरीचे सहा तुकडे केले. त्या दोन पानांचं काय करू? उपटू?

अर्धा_माळी

राहू द्या, शोभेला आहेत. पण ताई, ते रोज पाणी आणि रविवारचं ओढणं, दोन्ही बंद. ओढलं की नवी बारीक मुळं तुटतात. आणि पाणी घालायचं ते वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच.