तुमच्या पोटापाण्याचं अवजार कुणाच्या मालकीचं? अनुभव सांगा

फोंडा, धागा सुरू करताना

आमचं जुनं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात (बागायतीत) होतं. आजोबा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे. भिंती त्यांनी घातलेल्या, नळे त्यांनी चढवलेले, पण पायाखालची जमीन भाटकाराची. न्हाणी दोन हात पुढे घ्यायची तरी आधी जाऊन विचारावं लागायचं. 1975 साली मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला, घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, तरी मामलेदाराकडे खेटे घालता घालता वडिलांचे केस पिकले. कागद हातात आला त्या दिवशी त्यांनी कुणालाही न विचारता अंगणात माड लावला.

हे आठवलं त्याचं कारण गेल्या महिन्यातलं. मी सतरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. आमच्या ऑफिसात आराखडे काढायचं एक सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यावर आहे. नूतनीकरणाची तारीख चुकली आणि सोमवारी सकाळी सहा वर्षांचे आराखडे उघडेनात. आराखडे आमचे, रेघ न रेघ आमच्या लोकांनी ओढलेली. पैसे भरले, तासाभरात सगळं परत आलं, पण तो तास माझ्या मनातून जात नाही. घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे परत विचारायला जायचं?"

सॉफ्टवेअर विकत मिळायचं ते भाड्याने मिळू लागलं, हे आपल्या डोळ्यांदेखत झालं. फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीने 2013 मध्ये जाहीर केलं की यापुढे डबीतलं नवं सॉफ्टवेअर नाही, वर्गणी भरा. मग बाकीचे त्याच वाटेने गेले. माझं मत मी लपवत नाही: ज्या अवजारावर आपण कमावतो ते सोडून जाता आलं पाहिजे, आणि जाताना आपलं काम बरोबर नेता आलं पाहिजे. तुम्हाला काय अनुभव आला तो लिहा. मत वेगळं असेल तर जरूर लिहा, पण काय घडलं, किती पैसे गेले, पुढे काय केलंत तेही सांगा.

डिचोली, छापखाना

1998 पासून डीटीपी करतो. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका. सुरुवातीला मराठी फॉन्टचं पॅकेज घेतलं ते डाँगलसकट. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बोटभर डबी, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायची. ती नसेल तर पॅकेज चालूच व्हायचं नाही. त्या काळात मला चार महिन्यांच्या कमाईएवढी किंमत पडली होती आणि मी ती आनंदाने दिली, कारण मराठी अक्षर इतकं देखणं उमटायचं.

2019 च्या पावसाळ्यात वीज पडली. संगणक गेला आणि डबीही गेली. कंपनीला फोन केला तर ते उत्पादन केव्हाच बंद झालेलं. नवं घ्या म्हणाले, दर वर्षी पैसे. मी जुन्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या. "श्री गणेशाय नमः" होतं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, येण्याआधी प्रत्येक कंपनीने आपला मराठी 'क' वेगवेगळ्या इंग्रजी अक्षराच्या खुर्चीत बसवलेला होता. फॉन्ट गेला की खुर्च्या राहतात, माणसं उठून जातात. मी तीन रात्री त्या फायलींसमोर बसून होतो.

त्यात एका देवस्थानाची 2003 ची स्मरणिका होती. गावातल्या सहा-सात वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी तिच्यात होत्या, त्यांतलं आज कुणीही नाही. समितीला ती परत छापायची होती. एक छापील प्रत मिळाली, वाळवी लागलेली. मी आणि मुलीने सबंध श्रावण बसून 140 पानं नव्याने टाइप केली. मुलगी वाचायची, मी टाइप करायचो. एके ठिकाणी वाळवीने अर्धी ओळ खाल्ली होती. ती जागा आम्ही कोरी सोडली.

आता सगळं युनिकोडमध्ये करतो. मुक्ता वगैरे मोफत फॉन्ट आहेत, ते कुणी बंद करू शकत नाही. गिऱ्हाइकाला पीडीएफबरोबर साधी मजकुराची फाइलही देतो, ते मागोत किंवा न मागोत.

साखळी, औषधाचं दुकान

छापखानावाले काका, तुमचं दुःख कळतं, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. मी बिलिंगचं सॉफ्टवेअर भाड्यानेच वापरतो आणि मला ते परवडतं.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. बहुतेक औषधं बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली, काही शून्यावर. माझ्या दुकानात साडेतीन हजार जिन्नस आहेत. आदल्या रात्री अकरा वाजता अपडेट आलं, सकाळी शटर उघडलं तेव्हा बिलं नव्या दराने निघत होती. माझ्या मेहुण्याकडे एकदाच पैसे देऊन घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर आहे, ते लिहून देणारा मुलगा आता दुबईला असतो. मेहुण्याने दिवाळीसाठी राखून ठेवलेले पैसे माणूस लावण्यात घातले आणि आठ दिवस हाताने दर बदलले. कायदा दर वर्षी बदलत असेल तर तो सांभाळणाऱ्याला दर वर्षी पैसे द्यावेच लागतील. त्याचंही पोट आहे.

फक्त एक करतो. दर शनिवारी सगळा साठा आणि उधारी साध्या तक्त्यात काढून पेन ड्राइव्हवर घेतो. तो पेन ड्राइव्ह देवघरात असतो.

मांद्रे, दोन खोल्या पर्यटकांना देते

माझं भांडण भाड्याशी नाही, दाराशी आहे. दार ठोठावलं तर आत कुणी असावं एवढंच.

घर सासऱ्यांच्या नावावर. 1982 च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली रीतसर नोंदणी केलेली. बुकिंग एका मोठ्या परदेशी साइटवरून यायचं, कमिशन कापून पैसे खात्यात. चार वर्षं तक्रार नव्हती. मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खातं थांबवलं. कारण: कागदपत्रांवरचं नाव जुळत नाही.

गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पोर्तुगीज काळातल्या कागदावर आडनाव त्यांच्या स्पेलिंगने, आधार कार्डावर आताच्या स्पेलिंगने. परब असेल तर कागदावर पोरोबो. पंचायतीतला कारकून एका नजरेत ओळखतो की माणूस एकच. त्या साइटच्या यंत्राला ते कळेना. मी अकरा वेळा कागद चढवले. दर वेळी दोन मिनिटांत तेच उत्तर, त्याच शब्दांत. माणसाशी बोलायचं म्हटलं तर नंबरच नाही. आमच्याकडे वर्षाची निम्मी कमाई नाताळ ते नववर्ष. ते सगळे दिवस खोल्या रिकाम्या होत्या. सासरे रोज संध्याकाळी खोलीतला दिवा लावून ठेवायचे.

खातं परत सुरू झालं तेही कारण न सांगता. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा नंबर वहीत लिहून घेते, त्याला विचारून. यंदा निम्मे पाहुणे सरळ फोन करून आले.

वेर्णे, ॲप बनवणारा

मांद्र्याच्या ताई, आमच्याकडेही दार दुसऱ्याच्याच हातात, फक्त त्याचा वाटा आधी ठरलेला असतो. मुलांसाठी अक्षरओळखीचं छोटं ॲप आहे. वर्षाला दहा लाख डॉलर मिळेपर्यंत ॲपचं दुकान चालवणाऱ्या कंपनीचा वाटा 15 टक्के, त्यापुढे 30. आम्ही त्या दहा लाखांच्या जवळपासही जाणार नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीबद्दल 936 कोटींचा दंड केला, पुढे अपिलात तो बराच कमी झाला. माझ्या मते दंडाने काही होत नाही. दुसरा रस्ता उघडला तरच होतं.

चोडण, रायबंदरच्या फेरीबोटीवरून

सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, म्हटलं की प्रश्न सुटला, असं काही जण समजतात म्हणून लिहितो.

आमच्या बेटावर खाजन शेती. नदीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, मानशीच्या (बांधातल्या दाराच्या) फळ्यांनी भरती-ओहोटीप्रमाणे आत-बाहेर सोडायचं. बांध सगळ्यांचा. लहानपणी मी आजीबरोबर ओहोटीला बांधावरून चालायचो. ती काठीने कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं शोधायची आणि सापडलं की चिखल आणि पेंढा कोंबून पायाने दाबायची. एक बीळ राहिलं तर भरतीचं पाणी तिथूनच वाट काढतं, आणि बांध फुटला की पुढची काही वर्षं भात नाही. आता ते कूळ संघटनेचं काम आहे. बैठकीला येणारे कमी, बिळं तेवढीच.

मी एका मुक्त लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडवर, संध्याकाळी काम करतो, पगाराशिवाय. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या फाइल दाबायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरदार सापडलं. जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर हे सॉफ्टवेअर असतं आणि ते सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, थकलेला, फुकट. दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगली मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग बीळ पाडलं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, हेही सांगायला हवं. मोठ्या कंपनीत सगळेच भाटकार नसतात. मला त्या बातमीने आजी आठवली, काठी टेकत थांबणारी.

ज्या कंपन्या या बांधामागे शेती करतात त्यांनी बांधाला माणसं द्यावीत. आम्ही पत्र लिहून मागितली. एका कंपनीने महिन्यातून दोन दिवस एक मुलगी दिली आहे. तिने पहिल्याच महिन्यात तीन वर्षं पडून राहिलेल्या चाळीस तक्रारी निकालात काढल्या.

पर्वरी, अमेरिकन कंपनीची नोकरी घरून

माझं अवजार म्हणजे माझा वेळ, म्हणून या धाग्यात लिहितेय. रोजची मीटिंग रात्री साडेनऊला. सकाळी दहाला बसलेली मी कधी अकरा, कधी साडेअकराला उठते. आमच्याच टीममध्ये लिस्बनचा एक जण आहे. काम तेच, हुद्दा तोच. त्याची वेळ संपली की तो जातो आणि त्याला कुणी मेसेज करत नाही, कारण पोर्तुगालने 2021 च्या शेवटी कायदा केला की विश्रांतीच्या वेळात मालकाने कामगाराला गाठायचं नाही. साडेचारशे वर्षं ज्यांचं राज्य आपल्यावर होतं त्यांच्याकडे कामगाराला ही मोकळीक आहे, आणि आपल्याकडे आठवड्याला 70 तास काम करा म्हणून सांगितलं जातं.

मी महिनाभर वहीत लिहिलं, कुठल्या तासात काय झालं. रात्री नऊनंतर लिहिलेल्या कोडमधला जवळजवळ अर्धा भाग दुसऱ्या दिवशी मीच बदलला होता. सर्वांत चांगलं काम चार ते सहा, म्हणजे दुपारी तासभर झोपून उठल्यावर. म्हापशात बाबांचं दुकान दीड ते साडेतीन बंद असायचं आणि लोक त्याला आळस म्हणायचे. बाबा पहाटे पाचला उठायचे हे त्यांना दिसायचं नाही.

वही मॅनेजरला दाखवली. मीटिंग साडेसातला आली. एवढंच मिळालं, पण आईबरोबर जेवते.

पणजी, वडील मोटरसायकल पायलट

थोडक्यात लिहितो. वडील मोटरसायकलवरून भाड्याने माणसं नेतात. गिऱ्हाईक फोनमधला दुसऱ्या शहरातला दर दाखवतं आणि म्हणतं एवढेच घ्या. वडील म्हणतात, त्या दरात मला परत रिकामं यावं लागतं ते कुठे धरलंय? पण ॲप आलं तर भाड्याचा वाद तरी मिटेल, असं माझं मत आहे. घरात यावर रोज वाद होतो, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

मडगाव, पोर्तुगीज दस्तऐवजांचा अनुवाद

तेहतीस वर्षं जुनी विक्रीपत्रं, वाटणीपत्रं वाचते. आता लोक यंत्राकडून अनुवाद करून आणतात आणि मला फक्त तपासायला सांगतात, निम्म्या पैशात. यंत्र वाईट नाही. छापील मजकूर माझ्याहून लवकर करतं. गेल्या वर्षी एक कागद आला, त्यात 'आफोरामेन्तु' शब्द होता. यंत्राने 'विक्री' लिहिलं होतं आणि कुटुंब त्या भरवशावर जमीन विकायला निघालं होतं.

आफोरामेन्तु म्हणजे मालकी दोन तुकड्यांत. जमीन धन्याची, पण वापरायचा हक्क कसणाऱ्याचा. तो दर वर्षी 'फोरु' भरतो आणि हक्क मुलाबाळांना जातो. फोंड्याच्या दादांनी मुंडकाराचं उदाहरण दिलं. मला वाटतं आजचं सॉफ्टवेअर त्याहून उणं आहे. फोरु भरणाऱ्याचा हक्क निदान वारसांना मिळायचा. 2009 मध्ये ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलमधून, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, काढून घेतली, पैसे परत केले, पण विचारलं नाही. फोरुवाल्याच्या घरात असं शिरता आलं नसतं.

असे नऊशेच्या वर शब्द मी वह्यांत लिहून ठेवलेत, कुठल्या तालुक्यात कुठला अर्थ चालायचा यासह. चार वह्या आहेत, शाईच्या. माझ्यामागे त्या कुणाला वाचता येतील की नाही ही चिंता आहे.

डिचोली, छापखाना

ताई, वह्या घेऊन या, नाहीतर मी मडगावला येतो. मुलगी वाचेल, मी टाइप करेन. युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये. पैशांचं बोलू नका. जिथे अक्षर लागणार नाही तिथे तुम्ही शेजारी बसून सांगा.