रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी उतरला, पोरगं पळायला लागलं, तरी इंजेक्शनं चालूच. हे पटतं का?

दवबिंदू: माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यात पू झाला होता. पाय टेकवेना, ताप १०३. भूल देऊन सांधा धुतला, पुवात स्टॅफिलोकोकस जंतू निघाला. सीआरपी पहिल्या दिवशी १४६, चौथ्या दिवशी ७१, नवव्या दिवशी १४. नवव्या दिवशी तो वॉर्डभर पळत होता. तरी शिरेतून औषध २१ दिवस! शेवटी सिस्टर दिसली की हात उशीखाली लपवायचा. सुई टोचायला शीरच सापडायची नाही.

फिनलंडमध्ये पेल्टोलांच्या गटाने अशा १३० मुलांचा अभ्यास २००९ मध्ये छापला. पहिले २ ते ४ दिवस शिरेतून, पुढे तोंडाने. मूल सुधारलं आणि सीआरपी २० च्या खाली आला, तर १० दिवसांत औषध बंद. ३० दिवस औषध घेतलेल्या मुलांइतकीच ही मुलं बरी झाली. मग आपल्याकडे सीआरपी करायचा कशाला, त्यावरून काही ठरवायचंच नसेल तर?

बालरोग_सातारा: ताई, लेकराचे हाल समजतात. पण तिथला स्टॅफिलोकोकस नेहमीच्या औषधांना दाद देणारा होता, आपल्याकडे एमआरएसए, म्हणजे त्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, सर्रास सापडतो. शिवाय आपली बरीच मुलं आधी आठवडाभर तेल लावून, चोळून मग येतात. तोवर हाडापर्यंत गेलेलं असतं.

सीआरपी यकृतात बनतो. शरीरात कुठेतरी दाह आहे एवढंच तो सांगतो, कुठे ते नाही. खुब्याच्या सांध्यात पू राहिला तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मूल जन्मभर लंगडतं. त्या भीतीपुढे मला आकडा अपुरा वाटतो.

रातपाळी: मी नवजात विभागात सिस्टर आहे. दवबिंदूंशी सहमत. २०१७ मध्ये नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेकियातल्या १७१० बाळांवर प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारा पदार्थ) बघून अँटिबायोटिक थांबवायचा प्रयोग झाला. औषधाचा काळ ६५ तासांवरून ५५ वर आला. दहा तास कमी वाटतील. पण दीड किलोच्या बाळाची सुई निघाली की आई त्याला छातीशी घेते, ते मी रोज बघते. एक मात्र खरं, जन्मानंतरचे पहिले दोन दिवस प्रोकॅल्सिटोनिन निरोगी बाळातही चढतं. बाळाच्या वयाच्या तासांप्रमाणे तक्ता नसेल तर उगाच घाबरगुंडी उडते.

हिशेबी: प्रोकॅल्सिटोनिनची हीच चाचणी ब्रिटनमध्ये तीन दिवसांच्या बाळापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांवर करून पाहिली, निकाल २०२५ मध्ये आला. १५ रुग्णालयं, सुमारे १९५० मुलं. शिरेतून औषध ९६ तास विरुद्ध जवळपास १००. म्हणजे फरक नाहीच. चाचणीचा खर्च मात्र वर. आकडा हातात देऊन भागत नाही, त्यावर निर्णय घ्यायची सवय लागते. आणि दवबिंदू, तुमचे तिन्ही रिपोर्ट एकाच एककात आहेत का? काही लॅब लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये. दहापट फरक पडतो.

दवबिंदू: आत्ताच फाईल काढून बघितली. चौथ्या दिवसाचा बाहेरच्या लॅबचा आहे, ७.१, डेसिलिटर. ते मी तेव्हा घाबरत घाबरत डॉक्टरांना विचारून ७१ केलं होतं. बाकी दोन लिटरमध्येच.

@बालरोग_सातारा, एमआरएसएचा मुद्दा मान्य. पण माझ्या मुलाचा कल्चर रिपोर्ट (पुवातला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो ते सांगणारा) चौथ्या दिवशीच आला होता आणि त्यात सेफॅलोस्पोरिन या साध्या अँटिबायोटिकने काम भागेल असं होतं. मग तोंडाने औषध का नाही?

बालरोग_सातारा: हे आधी सांगायला हवं होतंत. कल्चर असा, सांधा वेळेत धुतलेला, मूल पळतंय, सीआरपी १४. मी नवव्या दिवशी सुई काढून तोंडाने सुरू केलं असतं. एकूण तीन आठवडे मात्र पुरे केले असते. दहाव्या दिवशी बंद करायला माझं मन अजून धजत नाही.