मदत हवी आहे: गालापागोससाठी १६ जणांची बोट की १०० जणांचं जहाज?

ऑक्टोबरमध्ये आईला (वय ६८) घेऊन गालापागोसला (इक्वेडोरची पॅसिफिक महासागरातली बेटं) जातेय. तिला तिथल्या एस्पान्योला बेटावरचे अल्बाट्रॉस (मोठे समुद्रपक्षी) बघायचेच आहेत. डिसेंबरनंतर ते समुद्रावर निघून जातात, म्हणून तारखा फार पुढे ढकलता येत नाहीत.

अडचण अशी, की त्या दिवसांत समुद्र जरा खवळलेला असतो आणि आईला बोट लागते. अंदमानला गोळी घेऊनही त्रास झाला होता. गुडघेही दुखतात. हॉटेलात राहून रोज स्पीडबोटीने जाणं तर तिला आणखीच जड जाईल. १६ प्रवाशांचा कॅटामरान (दोन जोड-तळांची बोट) आणि १०० जणांचं जहाज, दोन्हीकडे विचारलं, उत्तर एकच, "काही त्रास होत नाही."

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलेल्यांनी सांगाल का, रात्रीच्या प्रवासात दोन्हींपैकी काय कमी हलतं? आणि एस्पान्योलावरच्या पुंता सुआरेझची खडकाळ वाट काठी घेऊन जमेल का?