‘वेट’ या क्रियापदाची रूपे पाठ आहेत, तरी वाक्ये का चुकतात?

आठवीची आई

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे आणि तिचा इंग्रजीचा अभ्यास संध्याकाळी मीच घेते. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. नियमित क्रियापद म्हणजे ‘ईडी’ लावायचे आणि पुढे जायचे, एवढेच आम्हाला शिकवले होते.

काल मुलीने ‘वेट, वेटेड, वेटेड, वेटिंग’ अशी रूपे न अडखळता म्हटली. त्यानंतर मी पाच मराठी वाक्ये इंग्रजीत करायला दिली, तर त्यांपैकी तीन चुकली. ‘मी अर्ध्या तासापासून बसची वाट पाहत आहे’ याचे तिने ‘आय ॲम वेटिंग द बस सिन्स हाफ ॲन आवर’ असे केले. ‘तो थांबला नाही’ याचे ‘ही डिड नॉट वेटेड’ केले, आणि ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ याचे ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम’ केले. हे तिसरे वाक्य मला बरोबरच वाटले होते. शेजारच्या महाविद्यालयीन मुलाने ते चूक असल्याचे सांगितले, पण कारण त्यालाही सांगता आले नाही. रूपे येत असताना वाक्ये का चुकतात आणि तिला हे कसे समजावून द्यावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

निवृत्त इंग्रजी शिक्षक

ताई, मुलीची रूपे अचूक आहेत. तिची वाक्ये चुकतात ती मराठी पक्की असल्यामुळे, म्हणून तिला आधी मराठीच दाखवा.

‘तो थांबला नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘थांबला’ या क्रियापदात आहे. ‘नाही’ फक्त नकार सांगते. इंग्रजीत नकार करताना ‘डिड’ पुढे येते आणि भूतकाळ स्वतःकडे घेते, त्यामुळे ‘वेट’ मूळ रूपात परत जाते: ‘ही डिड नॉट वेट’. मी वर्गात दोन मुलांना उभे करून एकाच्या हातात ‘ईडी’ची चिठ्ठी देत असे, ‘डिड’ झालेला मुलगा आला की त्याने ती चिठ्ठी काढून आपल्या खिशात ठेवायची. एकदा हे पाहिलेला विद्यार्थी पुन्हा ‘डिड नॉट वेटेड’ लिहीत नसे.

‘वाट पाहणे’ या प्रयोगात आपण ‘बसची’ अशी षष्ठी वापरतो, म्हणून मुलांना ‘वेट’पुढे काही जोडावे लागेल अशी शंकाही येत नाही. ‘वेट’ येथे अकर्मक आहे, त्यामुळे ज्याची वाट पाहायची त्याच्याआधी ‘फॉर’ हवेच. ‘अवेट’ मात्र सकर्मक आहे आणि त्याला ‘फॉर’ चालत नाही, पण तो पत्रव्यवहारातला, जरा भारदस्त शब्द आहे. आठवीच्या मुलीने तूर्त तो बाजूला ठेवला तरी हरकत नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो काळाला. आपले ‘वाट पाहत आहे’ हे रूप वर्तमानकाळाचे आहे, मग ती वाट आत्ता पाहायला सुरुवात केलेली असो की सकाळपासून पाहिलेली असो. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेला इंग्रजी वेगळे रूप देते: ‘आय हॅव बीन वेटिंग’. त्यात आपले ‘-पासून’ आणखी गोंधळ घालते, कारण ते ‘दहा वाजल्यापासून’ आणि ‘अर्ध्या तासापासून’ या दोन्ही ठिकाणी सारखेच बसते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, आणि गेलेला वेळ मोजून सांगायचा तर ‘फॉर’. म्हणून तिचे वाक्य असे होईल: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर हाफ ॲन आवर’. त्यात दोन ‘फॉर’ आले म्हणून मुले एक खोडतात. ते खोडू देऊ नका, पहिले बसचे आहे आणि दुसरे अर्ध्या तासाचे.

आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवा. मराठीत ‘मी थांबतो’ आणि ‘तो थांबतो’ यांत रूप बदलत नाही, आणि ‘स’ लागतो तो ‘तू थांबतोस’ येथे. इंग्रजीत ‘एस’ नेमका ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या वाट्याला येतो: ‘ही वेट्स’. ‘ही वेट’ ही चूक पदवीपर्यंत टिकते ती यामुळेच.

भाषाप्रेमी, सांगली

सरांनी रूपांचा वापर सांगितला. मी उच्चाराबद्दल थोडे लिहितो, कारण ‘वेट’पासून सुरुवात केलेली मुले पुढे ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’ असे म्हणू लागतात. आठवीच्या मुलीला संधी माहीत असेल. ‘विपद् + काल = विपत्काल’ येथे अघोष ‘क’च्या शेजारी आल्यामुळे ‘द्’चा ‘त्’ होतो. ‘ईडी’तला ‘ड’ हीच शेजारधर्माची रीत पाळतो, फरक इतकाच की येथे आधीचा वर्ण नंतरच्याला बदलतो. ‘वॉक’ अघोष ‘क’वर संपते, म्हणून ‘वॉक्ट’. ‘कॉल’ घोष ‘ल’वर संपते, म्हणून ‘कॉल्ड’. ‘वेट’ मुळात ‘ट’वरच संपते आणि दोन सारखे वर्ण लागोपाठ ऐकू येणार नाहीत, म्हणून तेवढ्यासाठी मध्ये स्वर येतो: ‘वेटिड’. हा स्वर फक्त ‘ट’ आणि ‘ड’वर संपणाऱ्या क्रियापदांचा आहे.

या क्रियापदाचा इतिहासही मुलीला आवडेल. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर उत्तर फ्रान्सच्या बोलीतून जे शब्द इंग्रजीत आले, त्यांतला हा एक, आणि त्याचा जुना अर्थ पहारा देणे, नजर ठेवून असणे असा होता. ‘वॉच’ त्याच कुळातला. म्हणजे इंग्रजांचे थांबणेही डोळ्यांनीच सुरू झाले, जसे आपले वाटेकडे पाहण्याने. बाहेरून आलेल्या बहुतेक क्रियापदांना इंग्रजीने सरसकट ‘ईडी’ लावली. त्याच बोलीतून आलेले ‘कॅच’ मात्र ‘कॉट’ होऊन बसले.

लेस्टरहून

मी इंग्लंडमध्ये एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात काम करते. पहिल्या महिन्यात एका वृद्ध बाईंना मी ‘प्लीज वेट अन्टिल द नर्स डझन्ट कॉल यू’ असे सांगितले. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी शांतपणे विचारले, ‘ती बोलावणार आहे की नाही?’ त्या दिवशी हा नियम मनात रुजला. ‘जोपर्यंत बोलावत नाही तोपर्यंत’ असा नकार मराठीला लागतो. ‘अन्टिल’मध्ये तो अर्थ आधीच सामावलेला असतो, म्हणून वर आणखी ‘नॉट’ घातला की अर्थच बिघडतो. मुलीला ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ याऐवजी ‘मी येईपर्यंत थांब’ असे वाक्य द्या. नकार गेला की ‘वेट अन्टिल आय कम’ आपोआप सुचते. तेथे ‘विल कम’ही नको, येणे पुढचे असले तरी.

‘थांबणे’ या शब्दालाही जपायला हवे. पाऊस थांबतो तेव्हा ‘स्टॉप’, मामाकडे चार दिवस थांबतो तेव्हा ‘स्टे’, आणि कोणासाठी थांबतो तेव्हाच ‘वेट’.

आठवीची आई

सर्वांचे मनापासून आभार. आज चिठ्ठीचा खेळ केला; मुलगी ‘डिड’ झाली आणि मी ‘वेट’. नंतर तिने स्वतःहून ‘शी हॅज बीन वेटिंग फॉर मी सिन्स सिक्स’ असे लिहिले आणि ‘सिक्स’ हा क्षण आहे म्हणून ‘सिन्स’, असे मलाच समजावले. एक शंका उरली आहे: अर्जाच्या शेवटी ‘आय ॲम वेटिंग फॉर युवर रिप्लाय’ असे लिहिले तर चालेल का?

निवृत्त इंग्रजी शिक्षक

व्याकरणाने चालेल, पण वाचणाऱ्याला तो तगादा वाटू शकतो. अर्जात ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ असे लिहावे. मैत्रिणीला पाठवायच्या निरोपात मात्र तिने ‘वेटिंग फॉर युवर रिप्लाय’ खुशाल लिहावे.