मदत हवी आहे: चर्चमधल्या जुन्या भित्तिचित्राला लोणा लागलाय, रंगाऱ्याला हात लावू द्यावा का?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या आमच्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीच्या मागच्या भिंतीवर येशूच्या बाप्तिस्म्याचं मोठं चित्र आहे. (चर्चचं नाव मुद्दाम देत नाही, इथे ओळखीचे बरेच आहेत.) चित्रकाराची सही नाही, चर्चच्या वह्यांत नोंद सापडत नाही, जुनी माणसं फक्त ‘स्वातंत्र्याच्या आधीचं’ एवढंच सांगतात. गंमत म्हणजे चित्रातल्या यार्देन नदीला काळ्या दगडाचा घाट आहे, पायरीवर तांब्याची घागर आहे आणि काठावरच्या बायका नऊवारीत आहेत. लहानपणी आम्हाला वाटायचं, हे सगळं रामकुंडापाशीच घडलं.

आता खालचा कमरेएवढा पट्टा ओलीमुळे आलेल्या पांढऱ्या पिठाने भरलाय, तोच हा लोणा. बोट लावलं की रंगाचे पापुद्रे पडतात. वर मेणबत्त्यांची काजळी आणि एका कोपऱ्यात छपराच्या गळतीचा डाग. मागे चर्चची डागडुजी झाली तेव्हा बाहेरून त्या भिंतीचा जुना गिलावा काढून सिमेंटचा केला आणि भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक टाकले. लोणा साधारण त्यानंतर वाढला.

पॅरिश कौन्सिलकडे (चर्चच्या कारभारी समितीकडे) एका रंगाऱ्याचं कोटेशन आलंय. लोणा घासून काढणार, पुट्टी, प्रायमर आणि मग ऑइलपेंटने ‘सेम टू सेम’. नाताळाआधी पूर्ण, वर चमकदार वॉर्निश फुकट! फादर ऐकून घेणारे आहेत, पण बहुतेकांचं म्हणणं, चेहरे पुसून जाण्यापेक्षा रंगवलेले बरे. मला हे पटत नाही, पण बैठकीत नुसतं ‘पटत नाही’ म्हणून भागणार नाही. हे चित्र फ्रेस्को आहे की साधं भिंतीवर रंगवलेलं, ते कसं ओळखायचं? ओल कशी थांबवायची? आणि बोलवायचं कोणाला?

चुनाखडी

सगळ्यात आधी रंगाऱ्याला थांबवा. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. चित्रातलं मला कळत नाही, भिंतीबद्दल बोलतो.

उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. चुन्यात बांधलेली दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडते. बाहेरची बाजू सिमेंटने बंद केली की ते पाणी आतल्या बाजूने वाट काढतं, म्हणजे नेमकं चित्रातून. पाण्याबरोबर क्षार येतात, सिमेंटमधले क्षार त्यात भर घालतात. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक होतात आणि ते रंगाचा थर आतून ढकलतात. म्हणूनच भर पावसात लोणा कमी दिसतो आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पीठ वर येतं. त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट चढवला तर फुगे येणारच, आणि ते फुगे पडताना खालचं मूळ चित्रही घेऊन पडतील.

भिंतीलगतचे दोन-अडीच फुटांतले ब्लॉक उचला, उतार भिंतीपासून लांब द्या, पन्हाळी आणि छपराची गळती बघा. हे काम तुमचा नेहमीचा गवंडी करेल, फार खर्चही नाही. बाहेरचं सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचाच आहे, पण तो नंतर. छिन्नीचा हादरासुद्धा पलीकडे पोचतो, त्यामुळे आतला सुटलेला भाग आधी तज्ज्ञाकडून धरून घ्या. चुना भिजवून मुरवलेलाच घ्या. ‘लाइम’ लिहिलेल्या पोत्यात पुष्कळदा सिमेंट असतं. मग भिंत वाळू द्या. त्याला एखाद-दुसरा हंगाम जाईल. नाताळ विसरा.

रंगरेषा

चुनाखडी यांनी मुख्य ते सांगितलंच. चित्राबद्दल माझ्याकडून.

खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर फक्त पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवत असल्यामुळे बाजूने टॉर्च धरला तर त्या-त्या दिवसाच्या कामाचे सांधे दिसतात. कोरड्या गिलाव्यावर डिंक, सरस, अंडं किंवा तेल मिसळून रंगवलेलं चित्र वेगळं. त्याचे पापुद्रे सुटतात आणि ओल्या फडक्यानेही रंग येऊ शकतो. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो. अजिंठ्याची चित्रंही खरे फ्रेस्को नाहीत, कोरड्या गिलाव्यावरचीच आहेत. टॉर्चची परीक्षा तुम्ही करा, ओला कापूस लावायची परीक्षा मात्र तज्ज्ञालाच करू द्या.

फुकटच्या वॉर्निशवर कौन्सिलला अजिंठ्याचंच उदाहरण द्या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा नीट बसवला, पण वरून लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षं ते उतरवत बसावं लागलं. ते तर त्या काळचे जाणकार होते! आणि रंगवणाऱ्याच्या हौसेचं काय होतं ते स्पेनमधल्या बोर्हा गावात २०१२ साली जगाने पाहिलं. चर्चमधला येशूचा चेहरा एका भाविक बाईंनी मनापासून दुरुस्त केला आणि तो ओळखू येईना.

चांगलं उदाहरण हवं असेल तर मंगळूरचं सेंट अलॉयशिअस चॅपल. अंतोनियो मोस्केनी या इटालियन जेझुइट ब्रदरनी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंती आणि छत रंगवलं. मुंबईच्या होली नेम कॅथीड्रलमधलं कामही त्यांचंच. मंगळूरच्या चित्रांचं जतन १९९० च्या दशकात इन्टॅकने, म्हणजे वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने केलं. तुम्हीही आधी इन्टॅकला आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-जतन केंद्राला फोटोंसह पत्र लिहा. राज्य पुरातत्त्व खात्याच्या नाशिक कार्यालयातही विचारा, चांदवडच्या रंगमहालातली भित्तिचित्रं आपल्याच जिल्ह्यातली.

गंगापूररोडकर

सगळं खरं, पण एक बाजू राहते. चर्च म्हणजे म्युझियम नाही. लोक तिथे गुडघे टेकतात. येशूच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा चट्टा दिसत असेल तर ‘तोच इतिहास आहे’ म्हणून आजीबाईंची समजूत कशी घालायची? कौन्सिलवाले अडाणी नाहीत, त्यांची अडचण खरी आहे.

रंगरेषा

मान्य. म्हणूनच चट्टा तसाच ठेवत नाहीत. गेलेल्या जागी नवा गिलावा भरून त्यावर जलरंगाच्या बारीक उभ्या रेषा एकमेकींलगत ओढतात. बाकावरून बघणाऱ्याला चेहरा पूर्ण दिसतो, जवळ गेल्यावर जुनं कुठलं नि नवं कुठलं ते कळतं, आणि पुढे कोणाला नको असेल तर ते काढताही येतं. रोमच्या मध्यवर्ती जतन संस्थेत तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांच्या काळात ही पद्धत बसवली गेली. मूळ रंग जिथे शिल्लक आहे तिथे ब्रश लावायचाच नाही, एवढी एक अट कोटेशनमध्ये लिहून मागा. रंगारी आपणहून मागे हटेल.

धागाकर्ता

खूप आभार. टॉर्च मारून पाहिला, सांधे कुठेच दिसले नाहीत, पापुद्र्यांच्या कडा मात्र उचललेल्या स्पष्ट दिसल्या. फोटो काढतोय, शेजारी फूटपट्टी धरून. फादरना हा धागा वाचून दाखवला. ब्लॉक उचलायला त्यांची हरकत नाही, बाकीचं बैठकीत ठरेल. एक राहिलं: नाताळात त्याच भिंतीवर खिळे मारून लाइटच्या माळा लावतात आणि खाली येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडतात. या वर्षी निदान काय टाळू? आणि पडलेले पापुद्रे झाडूवाली मावशी गोळा करून टाकते, त्यांचं काय?

चुनाखडी

खिळे बंद, माळा समोरच्या खांबांवर. गोठा भिंतीपासून चार हात पुढे, मागे हवा खेळू द्या, भिंतीला पडदा किंवा प्लास्टिक लावू नका. हॅलोजन नको, त्या उष्णतेने भिंत भराभर सुकते आणि क्षार आणखी वर येतात. मेणबत्त्यांचा स्टँडही बाजूला न्या. पापुद्रे टाकू देऊ नका. मावशींना सांगा, भिंतीलगत झाडू मारायचाच नाही. पडलेलं मऊ ब्रशने कागदावर घ्या, कुठल्या भागाखाली सापडलं ते डबीवर लिहा. तज्ज्ञ आल्यावर रंग कशात कालवलाय ते त्यावरूनच तपासतील, भिंत खरवडावी लागणार नाही.